गप्प राहणारं लाकूड

आंबागडच्या किल्ल्याखाली केवळरामच्या वडिलांची धानाची शेती होती. तिघा भावांत केवळराम मधला. शेतीचा त्याला कंटाळा नव्हता, पण बांधीत चिखल तुडवताना त्याची नजर बांधावरच्या झाडांकडेच जायची. गावात कृष्णराव नावाचे एक वयस्क सुतार होते. त्यांच्या अंगणात जाऊन बसता बसता तो कधी त्यांचं काम करू लागला, ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. बैलाच्या मानेवरचं जू हलकं हवं, म्हणून ते शिवणीचं; चाकाच्या मधला तुंबा धक्के खातो, म्हणून तो बाभळीचा; आणि दारं-चौकटी सागवानाच्या, कारण ते ना वाळवीला भीक घालत ना पावसाला. हे सगळं तो तिथे शिकला. त्याच कृष्णरावांनी त्याला बीजा नावाच्या झाडाचं खोड पोखरून ढोलकी करायला शिकवली. केवळरामने पहिली ढोलकी केली ती विकली नाही, स्वतःच वाजवायला घेतली.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते. गाणी, सोंगं, नाच आणि मधेमधे गावातल्याच माणसांवरचे टोमणे. आंबागडच्या दंडारीत केवळराम ढोलकीवर असला, की आजूबाजूच्या खेड्यांतले लोक बैलगाड्या जुंपून येत. त्याच्या डाव्या हाताचा घुमारा पोटात शिरतो, असं लोक म्हणत.

सत्तरनंतरच्या कोरड्या वर्षांत शेतीत काही राहिलं नाही, तेव्हा तो नाकाडोंगरीकडच्या एका मँगनीजच्या खाणीत लाकडी टेकू बसवायच्या कामाला लागला. लग्न झालेलं होतं. बायको निर्मलाबाई सासरी आंबागडलाच होती. एका सकाळी सुरुंग वेळेच्या आधी उडाला. माणूस कोणी गेलं नाही, पण केवळराम सगळ्यात जवळ उभा होता. त्याच्या दोन्ही कानांतून रक्त आलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि उजवा कान गेला म्हणून सांगितलं. डाव्याने थोडंफार ऐकू येईल, तेही जाड आवाज तेवढे.

ते खरंच ठरलं. ट्रकची घरघर, बंडीचा गडगडाट, म्हशीचं हंबरणं त्याच्यापर्यंत पोहोचायचं. पाखरं गप्प झाली. बाया बोलताना त्यांचे ओठ हलताना तेवढे दिसत. निर्मलाबाई त्याच्या डाव्या बाजूला येऊन, खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली ओढून बोलायला शिकली. हळूहळू तिचा आवाजच तसा झाला. माहेरी गेली की तिची आई विचारायची, "घसा बसला का वो तुहा?"

त्या वर्षीच्या मंडईत केवळराम हट्टाने ढोलकी घेऊन बसला. गाणारा पुढे निघून गेला आणि हा मागेच वाजवत राहिला. समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून त्याच्या लक्षात आलं. कोणी काही बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. पुढच्या वर्षी मंडईच्या आधीच त्याने ढोलकी उचलली आणि घनश्यामच्या घरी नेऊन ठेवली. घनश्याम त्याच्याच हाताखाली शिकलेला.

"मले आता काम लय हाय," केवळराम म्हणाला. "तूच वाजवजो."

मग तो निर्मलाबाईला घेऊन नाकाडोंगरीला राहायला आला. रस्त्याच्या कडेला टिनाचं छप्पर टाकून त्याने दुकान मांडलं. बंड्यांची चाकं, दारं, खाटा, ट्रकच्या फळ्या, जे येईल ते करू लागला. मंडईच्या दिवसांत तो मुद्दाम दूरच्या गावचं काम घ्यायचा.

अशी दहा-बारा वर्षं गेली.

तुमसरच्या टेकचंदची एक जुनी अॅम्बेसेडर होती. लगनसराईत ती नवरदेवाची गाडी व्हायची आणि एरवी कोणाला दवाखान्यात न्यायची. कॅसेटी निघाल्या तसा टेकचंदने गाडीत टेप बसवला. पण दाराच्या बारक्या स्पीकरमधून ढोल-ताशा वाजला की डब्यात खडे हलवल्यासारखं वाटायचं. नागपूरला एक जुनं थिएटर बंद पडलं तेव्हा तिथल्या सामानातून त्याने परातीएवढा मोठा स्पीकर आणला आणि डिक्कीत तसाच ठेवून तारा जोडल्या. आवाज आला, पण खालचा घुमारा काही येईना.

तुमसरला मधुकररावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी डिक्की उघडून पाहिली आणि म्हणाले, "टेकचंद, हा असा उघडा नाई चालत. याच्या मागची हवा पुढच्या हवेले खाऊन टाकते. याले बंद पेटी पायजे. चांगला सुतार पाहा."

म्हणून टेकचंद स्पीकर घेऊन केवळरामच्या दुकानी आला. त्याने डाव्या बाजूला जाऊन, ओरडून सगळं सांगितलं. केवळरामने स्पीकरच्या कागदी पडद्यावरून अलगद बोट फिरवलं.

"बहिऱ्या माणसाले आवाजाची पेटी कराले सांगून राहिला तू," तो म्हणाला.

"आवाज मी पाहीन ना भाऊ. तुमी लाकूड पाहा."

"कोनतं लाकूड?"

"ते मले काय समजते? चांगल्यातलं चांगलं लावा."

चांगल्यातलं चांगलं म्हणजे सागवान. त्यात दोघांनाही शंका नव्हती. टेकचंदने तुमसरच्या लाकूडवाल्याकडून फळ्या आणल्या. मधुकररावांनी किती हवा आत मावली पाहिजे ते सांगितलं, त्यावरून केवळरामने डिक्कीचं माप घेतलं. फळीला फळी जोडून त्याने पेटी केली. कोपऱ्यांना दात पाडून एकमेकांत असे बसवले की खिळ्याची गरजच राहिली नाही. वरून पॉलिश केलं. पेटी इतकी देखणी झाली की टेकचंदला ती डिक्कीत झाकून ठेवायचं जिवावर आलं.

त्या थंडीत आणि फाल्गुनातल्या लग्नांत पेटी झकास वाजली. वरातीत डिक्की उघडी ठेवून टेकचंद गाडी पायी चालणाऱ्याच्या चालीने हाकायचा आणि मागे पोरं नाचायची. मग वैशाख आला. उभ्या उन्हात गाडी लग्नमंडपाबाहेर थांबायची आणि बंद डिक्की भट्टीसारखी तापायची. टेकचंद परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"भाऊ, ढोल वाजला का आतून फुस फुस होऊन राहिलं. पेटीत साप सोडल्यावानी."

केवळरामला फुस फुस ऐकू येणार नव्हतं. त्याने टेप लावायला सांगितला, तळहात ओला केला आणि पेटीच्या सांध्यांवरून फिरवला. एका जागी ओल्या कातडीला गार वाऱ्याची बारीक फुंकर लागली. मग दुसऱ्या जागी. फळ्या आकसल्या होत्या आणि जोड उघडले होते. त्याने आजवर केलेल्या दारांच्या चौकटी वीस पावसाळे खाऊन जागच्या जागी होत्या. त्याने उघडलेल्या जोडात नख घालून पाहिलं.

"दाराले हलायले जागा असते," तो म्हणाला. "उन्हाळ्यात आकसलं, पावसात फुगलं, कोनाले काही फरक नाई पडत. हे पेटी हलली का हवा निसटली. चूक माही हाय."

"लाकूडच ओलं असन जी."

"ओलं नोतं. मी त्याले चुकीच्या कामाले लावलं."

दुसरी पेटी त्याने बीजाची केली, आणि त्यामागे त्याचा पूर्ण विचार होता. बीजाची ढोलकी उन्हात, थंडीत, दंडारीच्या धुळीत कशीही ठेवा, ती फाटत नाही. शिवाय आवाजाचं काम म्हटल्यावर आवाजाचं लाकूड नको का? कृष्णरावांच्या घरच्या पडलेल्या पडवीचं जुनं आढं त्याने मिळवलं. ते इतकं वाळलेलं होतं की करवत त्यावर दोनदा धार मागायची. सांध्यांत सरस आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून भरला. या वेळी ओल्या तळहाताला कुठेच वारा लागला नाही.

टेकचंदने टेप लावला आणि तो खूश झाला. आवाज सागवानापेक्षा दांडगा होता. त्याच आठवड्यात लाखांदूरकडे लग्न होतं. नवरी घेऊन परत निघाले. गाडीत मागे नवरा, नवरी आणि नवरीची मावशी शकुंतलाबाई. टेकचंदने कौतुकाने एकामागून एक कॅसेट लावल्या. दोन गावं ओलांडली आणि शकुंतलाबाईंनी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"भाऊ, हे गाडी हाय का धानाची गिरणी? कोनतंही गानं लावा, मांगून एकच हूं हूं हूं येऊन राहिलं. पोरीचं डोकं चढलं, तिले रडूही नाई देऊन राहिले तुमी."

टेकचंदने टेप बंद केला. मग नवरी शांतपणे रडली आणि पुढे पवनीला चहा प्यायला उतरली तेव्हा तिला बरं वाटत होतं.

टेकचंद परतल्यावर केवळरामने पेटी काढू दिली नाही. "मी बसतो मांगं," म्हणाला. नाकाडोंगरीहून तुमसरपर्यंत तो मागच्या सीटला पाठ टेकून, डोळे मिटून बसला. टेकचंद कॅसेटी बदलत होता. भजन, लग्नाची गाणी, सिनेमातली गाणी, सगळं झालं. केवळरामच्या पाठीत प्रत्येक गाणं एकाच ठिकाणी एकाच जोराने धक्का देत होतं. गाणं वर जावो, खाली येवो, पाठीतला धक्का हलत नव्हता.

मधुकररावांच्या दुकानासमोर उतरल्यावर त्याने सांगितलं, "मास्तर, हे पेटी गानं म्हनत नाई. हे आपलंच म्हनते."

मधुकररावांनी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले. "म्हंजे कसं?"

"ढोलकीचा एक सूर असते. तुमी कोनाचंही गानं घ्या, ढोलकी आपल्या सुरातच बोलते. तिचं कामच ते हाय. म्हनून तिले बीजा लागते, ठोकला का गातो असा. इथं बोलायचं काम स्पीकरचं. आपल्याले लाकूड बोलायले नोको."

मधुकररावांनी त्याचा दंड धरला. मग ते त्याला आत घेऊन गेले. कोपऱ्यात कोणाचा तरी जुना रेडिओ-ग्रामोफोनचा मोठा डबा दुरुस्तीला पडलेला होता. बाहेरून तो चकचकीत शिसवीचा दिसायचा. मधुकररावांनी मागचं झाकण काढलं आणि केवळरामचा हात आत घातला. आत शिसवी नव्हती. वर कागदाएवढी पातळ पापडी आणि खाली प्लायवुड.

"हे मीबी रोज पाहतो," मधुकरराव म्हणाले, "पन मले वाटे, पैसे वाचवाले करत असतीन."

केवळरामने बोटाच्या पेराने आतून ठोकलं. पुन्हा ठोकलं. पेराला ठोका लागला आणि तिथेच विझला.

"मेलेलं लाकूड हाय हे," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. आपल्याले मेलेलंच पायजे."

हे म्हणणं सोपं होतं. प्लायवुडला केवळराम आजवर पापड म्हणत आला होता. लग्नाच्या कपाटाला कोणी प्लाय लावायला सांगितलं तर तो दुसऱ्या सुताराकडे पाठवायचा. आता तोच माणूस तुमसरच्या लाकूडवाल्याच्या गोदामात जाऊन पाटांवर, म्हणजे मोठमोठ्या तक्त्यांवर, बोटांची पेरं वाजवत फिरू लागला. लाकूडवाल्याला वाटलं की याचं ऐकायचं जे राहिलंय ते तो असं भरून काढतोय.

आधी त्याने भुसा दाबून केलेला पाट पाहिला. तो सगळ्यात मुका होता. पण त्याच्या कडेला स्क्रू पिळला तर भगरा होऊन बाहेर यायचा, आणि टेकचंदच्या डिक्कीत पाऊस गळतो हे केवळरामला ठाऊक होतं. एका चौकोनी तुकड्यावर त्याने पाणी शिंपडून ठेवलं, तर तो सकाळी भाकरीसारखा फुगला. तो पाट बाद झाला. मग प्लायवुडचे वेगवेगळ्या पाटांचे तुकडे त्याने मागून घेतले आणि पिशवीत घालून घरी आणले.

घरी निर्मलाबाई अंगणातल्या चुलीवर उकड्या तांदळासाठी धान उकडत होती. मोठं गंज म्हणजे पातेलं चुलीवर, खाली ढणढणता जाळ. केवळरामने प्रत्येक तुकड्याला खूण केली आणि सगळे गंजात टाकले.

निर्मलाबाई त्याच्या डाव्या बाजूला आली, पण खांद्यावर हात काही ठेवला नाही. "अवो, हे काय करून राहिले? ते आपल्याले खायचं धान हाय."

"पाहून राहिलो, कोनतं उकलत नाई ते."

"मंग वेगळं पानी तापवून देतो ना मी. लाकडाच्या चिकीचा भात खाऊ घालता का घरातल्याले?"

ती खरंच चिडली होती. केवळरामने ओशाळून पळीने तुकडे वर काढले. तिने दुसऱ्या चुलीवर जुन्या डब्यात पाणी ठेवलं आणि स्वतःच त्यात तुकडे सोडले. मग धान वाळत घालता घालता ती मधेमधे येऊन डब्यात डोकावू लागली. संध्याकाळपर्यंत बहुतेक तुकड्यांचे पदर सुटून कांद्यासारखे वेगळे झाले. एकाचा मात्र एकही पदर हलला नव्हता. तिनेच तो चिमट्याने काढून त्याच्या हातावर ठेवला.

"हे घ्या. हे काही शिजत नाई."

उकडलेलं ते धान त्या वर्षी कोंबड्यांना गेलं.

न शिजलेल्या जातीचे पाट केवळरामने आणले. एका पाटाची पेटी करून पाहिली, पण मोठ्या बाजू ठोकल्या की अजूनही मधोमध थोड्या थरथरायच्या. म्हणून त्याने पाटावर पाट चिकटवला. वर दगड ठेवून दोन दिवस तसंच राहू दिलं. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक आडवी दांडी दिली. सांधे सरस-भुशाने बुजवले आणि खिळ्यांऐवजी स्क्रू पिळले. आतून सावरीचा कापूस घालून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. ते मधुकररावांनी सुचवलं होतं, आतला आवाज आतच भिंतींवर आपटू नये म्हणून. पेटी दिसायला अगदी साधी झाली. वजन मात्र असं की डिक्कीत चढवायला तिघे लागले.

या वेळी टेकचंदने जी कॅसेट लावली, ती त्याने मागच्या मंडईत आंबागडलाच भरलेली होती. दंडारीची. केवळरामला त्याने काही सांगितलं नाही. कारण त्यालाच ते सुचलं नव्हतं, हाताला आली ती त्याने लावली.

केवळराम मागच्या सीटवर पाठ टेकून बसला. गाडी रस्त्याकडेला उभी होती. आधी काहीच नव्हतं. मग पाठीत एक ठोका आला, मग दुसरा, थोडा वर, हलका. मग घुमारा आला, खालून वर सरकत गेला आणि जिथे जायचा तिथे जाऊन थांबला. हा पेटीचा सूर नव्हता. हा डावा हात होता, आणि तो हात केवळरामला माहीत होता. तो सरळ होऊन बसला. मग पुन्हा पाठ टेकली. निर्मलाबाई दाराशी उभी होती, तिला वाटलं त्याला काही होतंय.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "घनश्याम गान्याची उठान घेताना घाई करते. मी त्याले तवाही सांगत होतो."

टेकचंद हसला. निर्मलाबाई मात्र पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

त्या दिवाळीनंतरच्या मंडईला केवळराम आंबागडला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. टेकचंदने गाडी मांडवाला लावून पेटी खाली उतरवली आणि मधुकररावांनी माईकची तार जोडली. दुपारची दंडार होती. केवळराम पेटीला पाठ लावून खाली बसला. शाहिराचा आवाज जाडसर होता, तो त्याच्या पाठीत व्यवस्थित उतरत होता. दोन-तीन गाणी तो नुसता मांडी हलवत राहिला. मग घनश्यामने न विचारता ढोलकी त्याच्या पुढ्यात सरकवली.

केवळरामने एकच गाणं वाजवलं. सुरुवातीला तो एकदा चुकला, पण सावरला. नंतर चुकला नाही. गाणं संपलं तेव्हा म्हातारी माणसं माना डोलवत होती आणि नवी पोरं हा कोण म्हणून एकमेकांना विचारत होती. त्याचे पंजे लाल झाले होते.

"आनखी एक," घनश्याम त्याच्या डाव्या कानाशी म्हणाला.

"नाई बाप्पा, हात दुखून राहिले. तू वाजव. मी आयकतो."

आणि शेवटपर्यंत तो तसाच बसून ऐकत राहिला.

पुढे त्या पेट्यांचं नाव झालं. मंडपवाले, जीपवाले, दंडारीवाले, भजनी मंडळं त्याच्याकडे येऊ लागले. बंड्यांची चाकं कमी होत गेली आणि पेट्या वाढत गेल्या. मधुकरराव हवेचं माप सांगत आणि लाकूड केवळराम ठरवी. प्रत्येक नव्या पाटाचा तुकडा आधी डब्यात उकळायचा. ते काम निर्मलाबाईने आपल्याकडेच ठेवलं होतं, आणि तिने नाही म्हटलेला पाट दुकानात येत नसे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लाखांदूरहून सेवकराम नावाचे एक गृहस्थ एस.टी.ने आले. नवी जीप घेतली होती, पण ती अजून शोरूममधून यायची होती. त्यांना पेटी सागवानाचीच पाहिजे होती. पाहुण्यांत तसं सांगून ठेवलं होतं. केवळरामने सागवान कसं आकसतं ते समजावलं, पण सेवकराम ऐकेनात. शेवटी केवळरामने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

सेवकराम आले तेव्हा पेटी तयार होती. वर सागवानाचे रेषे, तेलपाणी केलेले, उन्हात चमकत होते. त्यांनी खाली वाकून निरखलं, हात फिरवला आणि मग एका कोपऱ्यात नखाने खरवडलं. पापडीची कड थोडी उचलली गेली. खाली प्लाय दिसलं.

"हे काय जी? वरून सागवान अन् आतून हे?"

"हाव," केवळराम म्हणाला. "पाहुन्यायले दिसाले सागवान. आयकाले हे. तुमाले नसन पायजे तं ठेवून जा, दुसरा कोनी नेईन."

सेवकराम जरा घुटमळले. "वाजवून तं दाखवा."

दुकानातला स्पीकर पेटीत बसवून, तार लावून त्याने पेटी वाजवून दाखवली. सेवकराम डोळे बारीक करून ऐकत राहिले. मग त्यांनी बोट ओलं करून उचललेली कड दाबून बसवली आणि विचारलं, "एस.टी.च्या टपावर चढन ना हे?"

"चढन," केवळराम म्हणाला, "पन चौघं लागतीन. थांबा, मी लोकायले बलावतो."